चाचणीत पैकीच्या पैकी, वागण्यात शून्य: वर्गात ऑनलाइन खासगीपणा शिकवायचा तरी कसा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सातवीच्या वर्गात प्रत्येक मुलाच्या हातात शाळेचा टॅबलेट आहे. ऑनलाइन सुरक्षिततेवर तुम्ही चार तास घेतलेत, नियमांचा तक्ता भिंतीवर लावलात, चाचणीत बहुतेकांना पूर्ण मार्क मिळाले. त्याच आठवड्यात एकाने दुसऱ्याच्या अकाउंटमधून गृहपाठ जमा केला. वर्गात डुलकी लागलेल्या एका मुलाचा फोटो काढून, त्यावर काहीबाही लिहून, कुणीतरी तो स्वतःच्या फोनवरून सगळीकडे फिरवला. आता मुख्याध्यापक म्हणताहेत की टॅबलेटवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर टाकू आणि मोकळे होऊ. शिकवण्यात कुठे चुकलं, असं तुम्ही विचारलंय.

तुमचे चार तास चुकले नाहीत. उरलेले तास त्यांच्या विरुद्ध दिशेने शिकवत होते, एवढंच. हे मी टोचून बोलत नाही, माझं स्वतःचं तेच झालं होतं. मी अनेक वर्षं शाळेत संगणक शिकवतो. सुरुवातीच्या काळात माझ्या कपाटाच्या दाराला आतून सगळ्या मुलांच्या पासवर्डची यादी चिकटवलेली असायची. पासवर्ड मीच बनवलेले, हजेरी क्रमांक आणि पुढे शाळेचं नाव. म्हणजे ज्याला स्वतःचा पासवर्ड माहीत, त्याला सगळ्या वर्गाचे माहीत. मार्कांची शीट मी प्रोजेक्टरवर उघडायचो आणि आपापलं नाव शोधा म्हणायचो. आणि मग बुधवारी चौथ्या तासाला 'पासवर्ड कुणाला सांगू नका' हा धडा. मुलं ऐकायची, वहीत उतरवून घ्यायची. ती काही मूर्ख नसतात. परीक्षेत काय लिहायचं आणि प्रत्यक्षात काय चालतं, यातला फरक त्यांना आपल्या आधी कळतो.

एक प्रसंग मात्र अजून खुपतो. मी मुलांना स्वतःची ओळख करून देणारा छोटा व्हिडिओ बनवून एका अ‍ॅपवर टाकायला सांगितला होता. एक मुलगी तास संपल्यावर येऊन म्हणाली, "सर, मला माझा चेहरा तिथे टाकायचा नाही. लिहून दिलं तर चालेल का?" मी म्हटलं, सगळे टाकताहेत, तूही टाक. तिने टाकला नाही, मी पाच मार्क कापले. पुढे पंधरा दिवसांनी मी फळ्यावर लिहिलं: आपली माहिती कुणाला द्यायची हे आपण ठरवायचं. लिहून वळलो तर ती माझ्याकडे बघत होती. काही बोलली नाही. तिला बोलायची गरजही नव्हती.

त्या दिवसापासून माझी एक कसोटी आहे. ज्या वर्गात 'नाही' म्हटल्यावर मार्क जातात, किंवा वेगळं पाडलं जातं, तिथे खासगीपणा शिकवता येत नाही. बाकीच्या युक्त्या या कसोटीवर घासून घ्यायच्या.

आता परिस्थितीनुसार बदलणाऱ्या गोष्टी आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं जसंच्या तसं उचलायची वेळ येणार नाही. वय हा पहिला मुद्दा. सात-आठ वर्षांच्या मुलांना मी फक्त 'आधी त्याला विचार' एवढंच शिकवतो: दुसऱ्याचा फोटो काढण्याआधी त्याला विचार, दुसऱ्याच्या स्क्रीनला हात लावण्याआधी त्याला विचार. सातवीच्या मुलांना त्यामागची कारणं पेलतात. कायदाही वयानुसार आणि देशानुसार बदलतो. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती गोळा करायला पालकांची संमती लागते. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या नियमांत हे वय १६ आहे, पण प्रत्येक देशाला ते १३ पर्यंत खाली आणता येतं. भारताच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालचे सगळे मूल धरले जातात. तुमच्याकडे काय लागू आहे ते शाळेने शोधायला हवं, ते एकट्या शिक्षकाचं काम नव्हे. दुसरा मुद्दा घरचा. घरात एकच फोन आणि तो चौघांत फिरत असेल, तर 'तुझं उपकरण तुझ्याजवळ ठेव' हे वाक्य त्या मुलासाठी निरर्थक आहे. त्याला शिकवायचं ते काम झाल्यावर लॉग आउट करणं, ब्राउझरने 'पासवर्ड लक्षात ठेवू का' विचारलं तर नको म्हणणं.

आता दुसऱ्याच्या अकाउंटमधून जमा झालेला गृहपाठ. शिक्षा देण्याआधी त्या दोघांना विचारा की असं करायची वेळ का आली. मी विचारलं तेव्हा उत्तर अगदी साधं निघालं: गटात काम होतं, फाइल एकाच्या अकाउंटमध्ये होती, तो आजारी पडला, म्हणून त्याने फोनवर पासवर्ड सांगितला. त्यांच्या दृष्टीने ही मैत्री होती, आणि मला त्यात वाईट हेतू दिसला नाही. त्यांना दुसरा रस्ता ठाऊकच नव्हता. मग मी एक अख्खा तास फक्त फाइल शेअर करण्यावर घेतला. कुणाला नुसतं वाचू द्यायचं, कुणाला शेरा लिहू द्यायचा, कुणाला बदल करू द्यायचा, आणि 'लिंक असलेला कुणीही' या पर्यायाचा अर्थ नेमका काय. शेवटी एका गटाला सांगितलं, दुसऱ्या गटाच्या फाइलमध्ये गुपचूप काहीतरी बदला. मग आवृत्त्यांचा इतिहास उघडून कुणी, किती वाजता, कोणता शब्द बदलला ते पडद्यावर दाखवलं. वर्गात हशा पिकला, पण पासवर्डची देवाणघेवाण त्यानंतर खरोखर कमी झाली. नियमाआधी सोय द्यावी लागते.

पासवर्डबद्दल एवढंच, की दर महिन्याला बदलायला लावू नका. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ मध्येच आपल्या मार्गदर्शक सूचनांतून ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलण्याचा आग्रह काढून टाकला आणि लांबीवर भर दिला. सक्ती केली की मुलं शेवटचा आकडा एकाने वाढवतात. मोठी माणसंही तेच करतात. चार-पाच असंबद्ध शब्दांची माळ मुलांना बनवायला आवडते, लक्षातही राहते.

सगळ्यात जास्त वेळ मी ज्यावर घालवतो तो एक खेळ आहे. 'नाव लिहिलं नाही म्हणजे कुणाला कळणार नाही' हा समज मुलांमध्ये पक्का असतो, आणि शिक्षकांमध्येही. मी सगळ्यांना उभं करतो आणि सांगतो, मी एका मुलाचं नाव मनात धरलंय, नाव न घेता त्याच्याबद्दल तीन साध्या गोष्टी सांगणार. ज्याला गोष्ट लागू होत नाही त्याने खाली बसायचं. त्या मुलाला आदल्या दिवशीच विचारून ठेवलेलं असतं, चालेल का म्हणून. 'वाढदिवस ऑगस्टमध्ये.' धडाधड खाली बसतात, तिघं-चौघं उरतात. 'शाळेत चालत येतो.' दोघं. 'घरात एक धाकटं भावंड.' एकटाच उभा. वर्ग गप्प होतो. मग फळ्यावर गणित मांडतो: बारा महिने, शाळेत येण्याचे चार प्रकार, भावंडांचे तीन पर्याय, म्हणजे १४४ कप्पे, आणि आपण आहोत छत्तीस. बहुतेक जण आपापल्या कप्प्यात एकटेच असणार.

मोठ्या वर्गांना मी याच्या जोडीला एक खरी गोष्ट सांगतो. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी नावं काढून संशोधनासाठी खुल्या केल्या. लतान्या स्वीनी तेव्हा विद्यार्थिनी होती. तिने मतदारयादी घेतली, जन्मतारीख, पिनकोड आणि लिंग या तीनच गोष्टी जुळवल्या, आणि त्या नोंदींतून खुद्द राज्याच्या गव्हर्नरच्या नोंदी शोधून काढल्या. पुढे २००० मध्ये तिने दाखवलं की अमेरिकेतली साधारण ८७ टक्के माणसं या तीन गोष्टींच्या जोरावर एकमेव ठरू शकतात. हे ऐकल्यावर पुढच्या वेळी कुठलाही फॉर्म समोर आला की एखादं मूल विचारतंच, "जन्मतारीख कशाला हवी? वर्ष पुरणार नाही का?" हा प्रश्न विचारता येणं मला चाचणीतल्या दहा मार्कांहून मोलाचं वाटतं. आणि तो प्रश्न माझ्या फॉर्मबद्दलही आला आहे. मला रकाना काढावा लागला.

फोटोचंही तसंच. लोकेशन चालू ठेवून मैदानाचा फोटो काढायचा, त्याची माहिती उघडायची, त्यातले अक्षांश-रेखांश नकाशावर टाकायचे. टाचणी बरोबर मैदानावर पडते तेव्हा वेगळं काही सांगावं लागत नाही. यात एक बारकावा सांगायला विसरू नका: बरीच मेसेजिंग अ‍ॅप फोटो पाठवताना ही आतली माहिती काढून टाकतात, पण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती सहसा तशीच जाते. अर्धवट सांगितलं तर कुणीतरी घरी करून बघतो, आणि मग आपलं बाकीचंही खोटं ठरतं.

दोन गैरसमज तक्त्यावरून आधी पुसा. एक, 'कुलपाचं चिन्ह दिसलं की साइट सुरक्षित'. कुलूप एवढंच सांगतं की तुमचं बोलणं वाटेत कुणी वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला लबाड आहे की सज्जन, ते सांगत नाही. फसव्या साइटलाही कुलूप मिळतं. लोक याचा चुकीचा अर्थ लावतात म्हणूनच क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह बदललं. दुसरा, 'इनकॉग्निटोमध्ये (ब्राउझरच्या खासगी खिडकीत) कुणाला दिसत नाही'. ते फक्त त्या उपकरणावर इतिहास ठेवत नाही. शाळेच्या नेटवर्कला तुम्ही कोणत्या साइटवर गेलात हे साधारणपणे दिसतंच, आणि टॅबलेटवर शाळेचं सॉफ्टवेअर असेल तर त्याहून पुष्कळ अधिक दिसू शकतं. आता चॅटबॉटही आले. त्यात वर्गमित्राचं नाव घालून प्रश्न विचारायचा नाही, हा नियम मी मुलांना लावायच्या आधी शिक्षकांच्या खोलीत लावला. मुलांचे निबंध नावासकट तिथे चिकटवून शेरे मागणारे आम्हीच होतो.

नवीन शैक्षणिक अ‍ॅपचा विषयही इथेच येतो. ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेने २०२२ मध्ये ४९ देशांच्या सरकारांनी पुरस्कारलेली १६० हून अधिक शैक्षणिक उत्पादनं तपासली, तेव्हा सुमारे ८९ टक्के उत्पादनांची माहिती हाताळण्याची पद्धत मुलांच्या खासगीपणाला धोकादायक किंवा घातक आढळली. हे वाचून घाबरून सगळं बंद करायचं नसतं. मी नवीन अ‍ॅप आधी स्वतः एका खोट्या विद्यार्थ्याच्या नावाने चालवून पाहतो. टोपणनावावर चालतं का? जन्मतारीख, फोन नंबर, कॅमेरा मागतं का, आणि 'नको' म्हटलं तर पुढे जाऊ देतं का? वर्ष संपल्यावर अकाउंट खरंच पुसता येतं का? हीच तपासणी गेल्या वर्षी मी मुलांकडून करून घेतली. त्यांनी तीनपैकी दोन अ‍ॅप नापास केली. त्यातलं एक माझं फार आवडतं होतं.

आता मुख्याध्यापकांचं सॉफ्टवेअर. थेट नकार द्यायला जाऊ नका. त्यांच्यावर पालकांचा दबाव असतो आणि काही घडलं तर जाब त्यांनाच द्यावा लागतो. पण 'नजर ठेवणं' या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. नको त्या साइट अडवणारा फिल्टर ही एक गोष्ट. तास चालू असताना शिक्षकाला मुलांच्या स्क्रीन दिसणं ही दुसरी. आणि मूल घरी, रात्री, रविवारी काय टाइप करतं याची नोंद ठेवणं ही पूर्णपणे तिसरी. पहिलीला माझी हरकत नाही. दुसरी मी वापरतो, पण मुलांना आधी सांगून, आणि तास संपला की बंद. तिसरीला माझा विरोध आहे.

त्यांच्याशी बोलताना दोन उदाहरणं उपयोगी पडतील. २०१० मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका शाळा-जिल्ह्याविरुद्ध खटला झाला. विद्यार्थ्यांना दिलेल्या लॅपटॉपमध्ये, हरवलेलं यंत्र शोधण्यासाठी म्हणून, कॅमेरा दुरून चालू करण्याची सोय होती, आणि तिच्यातून मुलांचे त्यांच्या घरातले फोटो निघाले होते. प्रकरण भरपाई देऊन मिटवावं लागलं. हेतू वाईट नसतानाही असं होतं, हे त्यातलं महत्त्वाचं. दुसरं स्वीडनमधलं. तिथल्या एका शाळेने हजेरीसाठी २२ विद्यार्थ्यांवर चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याचा तीन आठवडे प्रयोग केला. संमती घेतलेली होती. तरी २०१९ मध्ये त्यांना दंड झाला, कारण नियामकाचं म्हणणं असं की शाळा आणि विद्यार्थी यांच्यात बळाचा इतका फरक आहे की अशी संमती मोकळेपणाने दिली असं धरताच येत नाही. हे वाचलं तेव्हा मला माझे ते कापलेले पाच मार्क आठवले.

मुख्याध्यापकांपुढे प्रश्न साधे ठेवा. नोंदी कोण बघणार? किती दिवस ठेवणार? घरी नेल्यावर बंद होणार का? चुकीची धोक्याची सूचना आली तर मुलाशी आधी कोण बोलणार? आणि मुलांना हे सगळं सांगणार का? शेवटच्या प्रश्नाला 'नाही' उत्तर आलं, तर मला वाटतं पुढची चर्चा तिथेच थांबवावी. गुपचूप पाळत ठेवली की मुलं सावध होतात आणि आपली भानगड शाळेच्या टॅबलेटवरून दुसऱ्या फोनवर नेतात. आणि मग खरी अडचण आली तरी कुणी आपल्याकडे येत नाही. तुमच्याकडचा तो फोटोही, तुमच्या वर्णनावरून, शाळेच्या टॅबलेटवरून पसरलाच नव्हता. मग सॉफ्टवेअरने काय पकडलं असतं?

तो फोटो मी मुद्दाम शेवटी ठेवला. तुमच्या प्रश्नात फोटो काढणारा मुलगा आहे, पालक आहेत, मुख्याध्यापक आहेत. ज्याचा फोटो आहे तो मात्र अर्ध्या वाक्यात येऊन जातो. उद्या पहिलं काम त्याच्याशी बोलणं. एकट्याशी, तास चालू असताना नाही, आणि 'घडलं ते कसं घडलं' या चौकशीने नाही. त्याला काय हवंय ते विचारा. एका मुलाला मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, फोटो काढून टाका, पण वर्गात माझ्यावरून भाषण नको. मी नेमकं ते भाषणच करणार होतो.

ज्यांच्याकडे फोटो आहे त्यांना एकेकट्याने सांगून तो पुसायला लावा. पुरावा म्हणून तो फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर टाकू नका. आपण टाकला की तो आणखी वीस फोनमध्ये जातो. काय होतं, केव्हा कळलं, कुणाला बोललात एवढं लिहून ठेवणं पुरतं. (अंगावर कपडे नसलेला किंवा लैंगिक स्वरूपाचा फोटो असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. तो उघडून पाहायचा नाही, साठवायचा नाही, पुढे पाठवायचा नाही. शाळेत बालसुरक्षेची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे लगेच जायचं, पुढे कायद्याने जे करायचं ते त्यांनी करायचं.) ज्याने फोटो काढला त्याच्याशी बोलताना 'सायबर गुन्हा' वगैरे मोठे शब्द सुरुवातीलाच काढू नका. भीती बसते आणि ऐकणं थांबतं. मी विचारतो, फोटो काढायच्या आधी त्याला उठवलं असतंस तर तो हो म्हणाला असता का? उत्तर नेहमी एकच असतं, आणि ते त्यालाच द्यावं लागतं.

त्याला शिक्षा काय करायची ते तुमच्या शाळेच्या रीतीप्रमाणे ठरवा. पण तो डुलकी लागलेला मुलगा 'मला हा विषयच नको' म्हणाला, तर वर्गात तो विषय काढू नका, कितीही छान धडा होणार असला तरी.